एश्बॉर्नहून निघालेली कुमक

आयुष्यात मी एकदाच सैन्य चालवलं, आणि तेही फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नच्या एका बुर्गरहाउसच्या स्वयंपाकघरात बसून. बुर्गरहाउस म्हणजे गावाचा सार्वजनिक हॉल. वाढदिवस, लग्नाच्या पार्ट्या, आजी-आजोबांची दुपारची कॉफी, सगळं तिथे चालतं. त्या रविवारी तिथे वाळवंट मांडलं होतं. वाळवंटात एक गढी होती, गढीला शत्रूचा वेढा पडला होता, आतलं पाणी संपत आलं होतं आणि आतल्या शिबंदीला सोडवायला जी कुमक निघाली होती तिचा सेनापती मी होतो. गढीची किल्लेदार माझी मुलगी होती.

हे वाळवंट कुठल्याही नकाशात सापडणार नाही. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे आणि वर्षभरापासून ती एका फेराइनमध्ये, म्हणजे हौशी मंडळात जाते. तिथली माणसं अशी युद्धं स्वतः रचतात. देश खोटे, डोंगर खोटे, सैनिक बोटाच्या पेराएवढे. खऱ्या लढाया खेळायच्या नाहीत हा त्यांचा कडक नियम आहे, आणि तो का आहे हे इथे जर्मनीत कोणी कोणाला विचारत नाही. दोन्ही बाजूंना नावंसुद्धा नसतात. निळे आणि लाल, बस्स. आम्ही निळे होतो.

मी त्यात कसा अडकलो, तर कुमक घेऊन येणारा मूळ गृहस्थ सायकलवरून पडला आणि त्याचा हात गळ्यात आला. मुलीने त्या रविवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी फोनवरून नजर न काढता मला विचारलं, तू येशील का. जर्मनमध्ये विचारलं. ती आमच्याशी जर्मनच बोलते. मी मराठीत बोलतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते आणि आमचं घर गेली कित्येक वर्षं असंच सुरळीत चाललं आहे. त्यावरून गणपतीच्या कार्यक्रमात भेटणाऱ्या बायकांनी मला पुष्कळ सल्ले दिले आहेत आणि मी ते सगळे हसून ऐकून घेतले आहेत. तर, तिने मला विचारलं याचाच मला इतका आनंद झाला की काय करायचं आहे हे न विचारताच मी हो म्हणून मोकळा झालो.

आनंद व्हायला कारण होतं. माझ्या बायकोला वसंतात बर्लिनच्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली आणि ती तिकडे गेली. भांडण झालं नव्हतं. कोणी विचारलं तर मी तसंच सांगायचो, आणि कोणी न विचारताही सांगायचो, त्यामुळे लोकांना वेगळीच शंका यायची. तिला हवी तशी नोकरी बारा वर्षांनी मिळाली होती, माझं ऑफिस एश्बॉर्नला होतं, फ्रँकफर्टचा फ्लॅट मोठ्या मिनतवारीने मिळालेला होता. कोणीतरी इथलं सांभाळायला हवं होतं, ते मी सांभाळत होतो. तेव्हा मला हे अगदी सरळ वाटत होतं. राहता राहिला प्रश्न मुलीचा. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तिची शाळेतली शेवटची दोन-तीन वर्षं सुरू होणार होती आणि ती माझ्याजवळ राहून पुरी करायची की आईकडे जाऊन, हे तिने ठरवायचं, असं आम्ही दोघांनी मिळून मोठ्या समजूतदारपणे जाहीर केलं होतं. मी तिला विचारणार नाही, दबाव टाकणार नाही, असं वचनही देऊन बसलो होतो. वचन देणं सोपं होतं. मला ती हवी होती. ती गेली तर त्या फ्लॅटमध्ये मी एकटा काय करणार, हे माझ्या डोळ्यांपुढे येतच नव्हतं. आणि तिने शनिवारी सांगितलं होतं की लढाई झाली की सांगते.

त्यामुळे रविवारी सकाळी बुर्गरहाउसमध्ये शिरताना मला धास्ती होती. ती वाळवंटाची नव्हती.

खेळ समजावून सांगायला पंच होता. सत्तरीचा, निवृत्त भूगोल शिक्षक, उंच, आणि घरून पिशवीत घालून आणलेल्या सपाता पायात. त्याने सांगितलं ते ऐकून मी गोंधळलो, आणि तो गोंधळ संध्याकाळपर्यंत काही सुटला नाही. मोठ्या हॉलमध्ये खरं वाळवंट होतं, टेबलं जोडून त्यावर पिवळसर कापड अंथरलेलं, त्यावर टेकड्या, गढी, सगळे सैनिक जिथे खरोखर आहेत तिथे उभे केलेले. पण तो हॉल फक्त पंचाने बघायचा. आम्ही बघायचा नाही. मला स्वयंपाकघर दिलं, मुलीला कोट टांगायची खोली, आणि वेढा घालून बसलेल्या लालांच्या सेनापतीला पलीकडची खोली. ही सेनापती म्हणजे एक हसतमुख कर सल्लागार बाई होती. तिने सगळ्यांसाठी सफरचंदाचा केक करून आणला होता आणि माझी चौकशीही आपुलकीने केली.

प्रत्येकाला एक नकाशा. पंच दारावर टकटक करून आत येणार, आपल्या सैन्याला काय दिसतंय, काय ऐकू येतंय ते सांगणार, आपण हुकूम द्यायचा, तो निघून जाणार. गढीला निरोप पाठवायचा असेल तर एक वाक्य. ते पंच तोंडपाठ करून नेणार आणि पलीकडे म्हणून दाखवणार. पण वाळवंट मोठं, उंटस्वाराला वेळ लागतो, म्हणून निरोप दोन-तीन डाव उशिरा पोचणार. कधी पोचणारही नाही. पोचला की नाही ते पाठवणाऱ्याला कळणार नाही. शिबंदी वाचली की निळे जिंकले.

मी विचारलं, वाचली म्हणजे कशी? मी आत शिरायचं की त्यांनी बाहेर यायचं?

तो म्हणाला, कशीही. ते तुमचं तुम्ही बघा.

ऑफिसात मी रोज सकाळी लोकांना गोळा करतो आणि कोणाचं काम कुठवर आलं ते विचारतो. सगळ्यांना सगळ्यांचं दिसतं, पडद्यावर हिरवं-लाल. माहिती नसताना हुकूम द्यायची मला सवय नाही. इथे मी सिंकसमोर स्टुलावर बसलो होतो, शेजारी कॉफीचं मोठं भांडं गुरगुरत होतं आणि माझे हजारभर सैनिक भिंतीपलीकडे कुठेतरी तळपत्या उन्हात चालत होते.

पहिले काही डाव मी नुसता चालत राहिलो. पंच यायचा, म्हणायचा, समोर वाळू. मी म्हणायचो, पुढे चला. मग एकदा तो म्हणाला, डावीकडे धूळ उठली आहे. मी विचारलं, कोणाची? तो म्हणाला, धुळीची. मला राग आला. मी माझे उंटस्वार टेहळणीला पाठवले होते, पण ते उजवीकडे. नकाशा फिरवून बघितला. उजवीकडेच. मग डावीकडचे नक्की शत्रू. मी तोफा डागायचा हुकूम दिला. पंचाने मान डोलावली आणि गेला. पुढच्या डावाला आला आणि नेहमीच्याच कोरड्या आवाजात म्हणाला, तुझ्या उंटस्वारांकडून निरोप आहे: कृपया थांबा.

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार, कारण तो दारात क्षणभर रेंगाळला. मग म्हणाला की असं सगळ्यांचं होतं.

उंटस्वार उजवीकडून डावीकडे कसे गेले ते मला आजही माहीत नाही. नंतर असंही कळलं की मी ज्या तोफखान्याला मागे समजत होतो तो पुढे होता. पुढे म्हणजे कुठे, असं विचारल्यावर पंच म्हणाला की ते तुला ठाऊक असायला हवं. एका मिठागराला आम्ही एकदा वळसा घातला की दोनदा, यावरही माझा आणि नकाशाचा मतभेद होता. एवढ्यात गढीकडून पहिला निरोप आला. पंच सिंकजवळ उभा राहिला, हात पाठीमागे बांधले आणि माझ्या सोळा वर्षांच्या मुलीचं वाक्य त्याच्या सत्तर वर्षांच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला:

"पाणी थोडं आहे, तू कुठे आहेस?"

मला कसंसंच झालं. भिंतीपलीकडे, वीस पावलांवर ती कोटांच्या खुंट्यांखाली बसली होती. उठून गेलो असतो तर दोन मिनिटांत कळलं असतं. मी उत्तर पाठवलं की येतोय. खरं म्हणजे कुठे आहे ते मला सांगता येत नव्हतं, म्हणून तेवढंच पाठवलं.

त्यानंतर मला नकाशावर ती खिंड दिसली.

दोन टेकड्यांच्या रेषा जवळजवळ येत होत्या, मधे चिंचोळी वाट, आणि खिंडीच्या पलीकडे गढी. माझं सैन्य तिच्या तोंडाशी पोचलं होतं. पंच म्हणाला, पलीकडे धूळ आहे, बरीच. लाल तिकडून येत होते किंवा येणार होते किंवा नुसते फिरत होते. आणि मला एकदम सगळं स्वच्छ दिसलं. दिवसभरात पहिल्यांदाच.

मराठी माणसाला खिंड दाखवली की त्याच्या डोक्यात काय सुरू होतं, हे मी नंतर त्या मंडळींना समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण ते जमलं नाही. लहानपणी दिवाळीत आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये किल्ला करायचो. विटा, पोती, माती, वर हळीव पेरून उगवलेली झाडी. सगळी पोरं बुरुजावर, सिंहासनासमोर सैनिक मांडायची. मी मात्र दोन विटा तिरक्या ठेवून मागे एक खिंड करायचो आणि माझ्याकडचा सगळ्यात चांगला मावळा, ज्याचा हात तुटलेला नाही असा, तिथे एकटा उभा करायचो. कारण गोष्ट तीच होती ना. वेढ्यातले लोक निसटून जातात आणि ते सुखरूप पोचेपर्यंत एक माणूस खिंडीत पाय रोवून उभा राहतो. आमच्या फ्रँकफर्टच्या बाल्कनीतही आम्ही मुलगी लहान असताना असा किल्ला करायचो, फुलझाडांच्या मातीचा. मग खालच्या मजल्यावर चिखल गळला आणि हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा, वर येऊन दमात घेऊन गेला. पण गोष्ट मी तिला दर दिवाळीला सांगितली. माती बंद झाली तरी गोष्ट बंद केली नाही.

तेव्हा माझ्या लेखी आता काही ठरवायचं उरलंच नव्हतं. मी खिंड अडवायची. शिबंदीने गढी सोडून गुपचूप निघायचं, खिंडीतून माझ्या मागे जायचं, आणि ती सुखरूप पोचेपर्यंत मी लालांना रोखून धरायचं. मी जवळ होत्या त्या तोफा टेकड्यांवर चढवल्या, पायदळ तोंडावर उभं केलं आणि निरोप पाठवला की खिंड माझ्या ताब्यात आहे, मी धरून ठेवतो. पुढचं सांगायची गरज वाटली नाही. तिला कळणार नाही तर कोणाला कळणार?

पंच गेला. मी स्वतःला कॉफी ओतून घेतली. मला फार बरं वाटत होतं. आपल्याला आयुष्यात एकदा तरी नीट सुचलं, असं वाटत होतं.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. पंच म्हणाला, "कळलं. तू कधी येतोस?"

मी बुचकळ्यात पडलो. कळलं म्हणते, आणि विचारते कधी येतोस. की हा निरोप माझा निरोप पोचण्याआधी निघालेला? मग त्यात कळलं कसं? मी पंचाला विचारलं, हे कोणत्या निरोपाचं उत्तर आहे. त्याने खांदे उडवले. मी दुसरा निरोप दिला: खिंड मोकळी आहे, निर्धास्त बाहेर ये. मग खिंडीवर लालांची एक तुकडी चालून आली आणि मी ती परतवून लावली. पंचाने फासे टाकून सांगितलं की नुकसान थोडं झालं आहे. मला स्फुरण चढलं. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर मी काय काय बोललो ते ऐकून माझी ऑफिसातली अब्रू गेली असती.

पुढचं उत्तर एका शब्दाचं होतं. पंच आत आला, सपाता जुळवून उभा राहिला आणि म्हणाला:

"नाही."

एवढंच? एवढंच. नाही म्हणजे बाहेर येणार नाही? की खिंड मोकळी नाही? की निरोप मिळाला नाही? पंच म्हणाला की तो वाक्यं वाहून नेतो, अर्थ नेत नाही. मी त्याच्यावर खेकसलोच. म्हणालो, आल्झो, हे बघ, तुला तिकडचं सगळं दिसतं, तू निदान एवढं सांग की पोरगी ठीक आहे ना. तो गंभीरपणे म्हणाला, ती खुर्चीत बसली आहे, ठीक आहे.

तेवढ्यात माझा फोन वाजला. खेळात फोन वर्ज्य होता, पण बायकोचा होता म्हणून मी उचलला आणि हळू आवाजात सांगितलं की मी युद्धात आहे. ती हसली नाही. तिने विचारलं, काही बोलली का ती तुला? मी म्हटलं, नाही, संध्याकाळी सांगणार आहे, तुला काही बोलली का? यावर ती म्हणाली की जेवून घे वेळेवर, आणि फोन ठेवला. मी फोन हातात धरून बसलो. गढीत काय चाललंय ते मला कळत नव्हतं, बर्लिनमध्ये काय चाललंय ते कळत नव्हतं, आणि माझी पोरगी भिंतीपलीकडे बसून मला नाही म्हणत होती.

मग वाळूचं वादळ आलं आणि काहीच दिसेना. मी खिंड सोडली नाही. पंच दर डावाला विचारायचा, हुकूम? मी म्हणायचो, खिंड धरून ठेवा. तो जरा थांबून परत विचारायचा, नक्की? मी म्हणायचो, नक्की. अडचणीच्या वेळी पाय रोवून उभं राहावं एवढं मला येतं आणि तेच मी करत होतो. मनात सारखं येत होतं की आता येतील, आता धुळीतून आमचे लोक येतील. तिने फक्त निघायचं होतं.

मग पंच शेवटचा आला. या वेळी त्याने टकटक केली नाही. म्हणाला की गढीतलं पाणी संपलं, किल्लेदाराने दार उघडलं आणि शरण गेली, सगळ्यांनी हॉलमध्ये यावं.

हॉलमध्ये मी पहिल्यांदा ते वाळवंट पाहिलं. किती छोटं होतं! माझी खिंड म्हणजे कापडाखाली ठेवलेल्या दोन जाड पुस्तकांमधली फट. तिथे माझे निळे सैनिक दाटीवाटीने उभे होते, अगदी रुबाबात. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्याची गढी. आणि मधे काही नव्हतं. लालांची थोडी माणसं गढीच्या पाठीमागे होती, उरलेली पार दुसऱ्या बाजूला, माझ्या हरवलेल्या तोफखान्याच्या मागावर. खिंडीपासून गढीच्या दारापर्यंत सपाट, रिकामं, पिवळं कापड होतं. मी हात लांब केला असता तर दाराला लागला असता.

केक कापून सगळे टेबलाभोवती बसले. लढाईनंतर चर्चा करायची, प्रत्येकाने आपण काय विचार केला ते सांगायचं, अशी त्यांची रीत आहे. कर सल्लागार बाई म्हणाली की ती दुपारभर जीव मुठीत धरून बसली होती. खिंडीतून कुमक आता निघेल, मग निघेल, आणि निघाली की आपला निकाल लागला. एवढं मोठं सैन्य पुढे का येत नाही हे तिला समजेना. तिला वाटलं यात काहीतरी भयंकर डाव आहे. मी मान खाली घालून केक खाल्ला. मग मी खिंडीची गोष्ट सांगितली, किल्ला, मावळा, सगळं. जर्मनमध्ये ती फारच लंगडी वाटली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पंच म्हणाला, गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणजे तू तिची वाट बघत होतास. मी म्हटलं हो. सगळ्यांनी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली की मीही त्याचीच वाट बघत होते, आणि बशा गोळा करायला उठली.

मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त चूक कोणाची ते ठरवायची घाई झाली होती. माझा निष्कर्ष तयार होता. पोर इथे वाढलेली, तिला त्या गोष्टीतलं काही पोचलं नाही. माती बंद करायला नको होती. हाउसमाइस्टरला सरळ सांगायला हवं होतं.

परतीच्या एस-बान लोकलमध्ये रविवारची गर्दी नव्हती. आम्ही समोरासमोर बसलो. बाहेर ऑफिसच्या इमारती मागे जात होत्या, त्यात माझंही ऑफिस गेलं. मला बर्लिनबद्दल विचारायचं होतं आणि विचारायचं नाही असं वचन होतं, म्हणून मी लढाईबद्दल विचारलं.

"माझा निरोप तुला कळला नाही का?"

"कळला," ती तिच्या जर्मनमध्ये म्हणाली. "लगेच कळला."

"मग बाहेर का नाही आलीस? तुझ्यासाठीच तर खिंड धरली होती. तुला ती गोष्ट सांगितली आहे मी."

"बाबा, ती गोष्ट मला पाठ आहे. किल्ल्यातले लोक सुटतात आणि खिंडीतला माणूस मरतो." ती माझ्याकडे बघत होती. "मी कशी बाहेर येणार होते?"

मला आधी काही उमगलंच नाही. मग मी काहीतरी बोललो, की अगं खेळ होता, बोटाएवढे सैनिक होते, कोण मरणार होतं. तिने मान हलवली. म्हणाली की प्रत्येक निरोप आला की तिला वाटायचं, पुढच्या डावाला तो उठेल आणि येईल. पाणी संपेपर्यंत तिने थांबून बघितलं.

पन्नाशीला आलेल्या माणसाने गाडीत रडू नये, म्हणून मी खिडकीबाहेर बघितलं. इतकी वर्षं मी ती गोष्ट सांगितली आणि खिंडीतल्या माणसाच्या बाजूनेच सांगितली. ज्यांना तो परत दिसला नाही, त्यांच्या बाजूने ती कधी ऐकलीच नव्हती. माझ्या पोरीने ती तिथूनच ऐकली होती.

"मी आईकडे जातेय," ती म्हणाली. "तिला सकाळीच सांगितलं. तुला मी समोर बसून सांगणार होते."

म्हणजे नाश्त्याच्या वेळी ठरलेलं होतं. मी नकाशा फिरवत बसलो होतो तेव्हा ठरलेलं होतं. मी विचारलं, मग मला आज तिथे कशाला नेलंस?

तिने बॅगेच्या पट्ट्याशी चाळा केला. "मला फक्त बघायचं होतं, तू जागेवरून उठून येतोस का."

राग यायला हवा होता, पण आला नाही. मी फ्लॅटबद्दल बोलायला लागलो. म्हणालो की सोडला तर पुन्हा मिळणार नाही, बर्लिनमध्ये घरांची काय अवस्था आहे तुला माहीत आहे, माझं काम इथे आहे, आणि तुम्हाला परत यायला एक जागा नको का, कोणीतरी इथे असायला नको का. मी बराच वेळ बोललो. सगळं खरं होतं.

"परत कोण येणार आहे, बाबा?" तिने विचारलं. "आम्ही दोघी तिथे असणार. तू इथे कोणासाठी थांबणार आहेस?"

मी उत्तर शोधलं. मला वाटत होतं की ते माझ्याजवळ आहे, गेले कित्येक महिने मी तेच तर सगळ्यांना सांगत होतो.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"मग चल," ती म्हणाली.